लिहिते ती मथुरा

रत्नागिरी,
डिसेंबर १९३१

प्रिय आत्माराम,

तुमचं नाव असं उघड लिहिलेलं पाहून तुम्ही दचकाल. आजवरच्या पत्रांत मी ते टाळत आले. नुसतं ‘प्रिय’ लिहून पुढे मोकळी जागा सोडत असे. पण कचेरीत ते शपथेवर उच्चारावं लागलं, आणि कारकुनाला नीट ऐकू जाईपर्यंत पुन्हा पुन्हा उच्चारावं लागलं. तुमच्या आईंनी पदर कानावर ओढून भिंतीकडे तोंड फिरवलं. इतकं झाल्यावर कागदावर ते टाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

तुमचं रागाचं पत्र पोचलं. केपटाऊनच्या साहेबाने तुम्हाला विचारलं, बायका किती? तुम्ही ‘एक’ म्हणालात, तर त्याने इकडून गेलेला कागद पुढे केला, त्यात दोन. आणि दोन असतील तर एकीलाही तिकडे उतरायचा परवाना नाही, असा तिकडचा नियम. तुम्ही विचारता, तू तिथे असं बोललीस तरी काय? जे झालं ते सांगते. त्याचा अर्थ मात्र मला विचारू नका. मी तो लावून पाहिला आहे, आणि दर वेळी वेगळा लागतो.

आई अंजनवेलहून बोटीने आल्या. बोट लागल्यामुळे आल्या दिवशी नुसत्या पडून होत्या, तरी आंब्याची साठं बांधून आणली होती आणि निम्मी ‘त्या कचेरीवाल्या मेल्यांसाठी’ वेगळी काढली होती. सून म्हणून मला ओळखायला घरच्या वडील माणसाची साक्ष हवी होती, म्हणून त्यांना आणलं. आम्ही दोघी लग्नातली लुगडी नेसून गेलो. शेट्ये नावाचे कारकून आहेत, स्वभावाने बरे. त्यांनी तुमच्याकडून आलेल्या अर्जावरून एकेक गोष्ट विचारली. लग्न कुठे झालं, वऱ्हाड कसं आलं, तुम्ही रजेवर किती काळ होतात, तुमच्या अंगावर खूण कोणती. मी हनुवटीखालचा व्रण सांगितला, कशाने झाला आणि टाके कसे नीट पडले नव्हते तेही सांगितलं. शेट्ये हसले. म्हणाले, “वहिनी, एवढं साहेबाला नको आहे.” सगळं जुळत होतं. मग त्यांनी शाईची गादी माझ्यापुढे सरकवली. मी ती बाजूला ठेवून टाक उचलला.

“अहो, थांबा,” शेट्ये म्हणाले, “तुम्हाला लिहिता येत नाही.”

मला वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. “तुमच्या यजमानांनी कळवलंय. पत्नी सुभद्रा, शिक्षण नाही, धंदा घरकाम, निशाणी अंगठा.” मी टाक हातात धरून तशीच बसले. आत्माराम, बाळंतिणीपाशी माझ्या हाताला पुढचं काम कधी विचारावं लागत नाही. त्या दिवशी त्याला पुढे काय करायचं ते कळेना.

आईंना मात्र ते सोसलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या त्या गर्रकन वळल्या. “येत नाय कसां? नर्स हाय ती! मथुरा नर्स म्हटलात तर अख्खी रत्नागिरी सांगेल!” शेट्ये म्हणाले, “मथुरा कोण, आजी?” “ती म्हायेरची रे. ही सुभद्रा, आमची.” इथपर्यंत सरळ होतं. शेट्यांच्या घरीही तसंच असणार, सगळ्यांच्याच घरी असतं. पण त्यांनी कागदावर बोट ठेवून नीट विचारलं, की मग तुमच्या मुलाने लिहिलेलं खोटं धरायचं का? खोटं लिहिलं असेल तर त्याचा तिकडे राहण्याचा हक्क जाईल. हे ऐकलं मात्र, आईंचा चेहराच बदलला. मी त्यांना इतक्या पटकन विचार करताना कधी पाहिलं नव्हतं. “माझा आत्माराम खोटां लिहिणार नाय,” त्या म्हणाल्या. “त्याने लिहिलान तर तसांच असेल. सुभद्रेला लिहिता येत नाय. लिहिते ती मथुरा.”

शेट्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही आईंनी तेवढं एक वाक्य तसंच सांगितलं. शेट्यांनी मला हळूच म्हटलं, “वहिनी, माझ्याही घरी माहेरची चिमा आणि सासरची अन्नपूर्णा एकाच चुलीशी बसतात. पण जबानी म्हातारीची आहे, मला ती बदलता येत नाही.” मी सही केली. मथुरा अशी केली, कारण माझ्या हाताला तीच ठाऊक आहे. तो कागद इंग्रजीत होऊन तुमच्या साहेबापुढे गेला, तेव्हा त्यात एक लिहिणारी बाई होती आणि एक न लिहिणारी. त्याला दोष कसा द्यायचा? मीही तो वाचला असता तर दोनच मोजल्या असत्या.

परतताना आई खूश होत्या. “सांभाळून घेतलां की नाय?” म्हणाल्या. मी होय म्हटलं. त्या वाक्याने काय झालं ते त्यांना अजून कळलेलं नाही, आणि कृपा करून तुम्हीही कळवू नका.

इकडची बातमी थोडी आहे. दवाखान्यात गेल्या आठवड्यात जयगडहून हौसा नावाची एक खारवीण घरच्याच मासेमारीच्या होडीतून आणली. पोट इतकं मोठं की गावाने जुळं ठरवून टाकलं होतं. सासूने दोन टोपडी शिवून आणली होती, एक लाल, एक पिवळं. आमच्याकडे एक लाकडी नळी असते. तिचं रुंद तोंड पोटावर टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. एका नर्सने एका बाजूला ऐकायचं, दुसरीने दुसऱ्या बाजूला, आणि एकाच वेळी ठोके मोजायचे. मोजणी वेगळी आली तर आत दोन जीव. एक आली तर एकच, तो नुसता दोन ठिकाणी ऐकू येतो. आमची मोजणी एक आली. मी तसं सांगितलं. सासू म्हणाली, “पोरी, तुझी नळी लाकडाची, माझे डोळे नायत.” मूल झालं, एकच, थोराड, रागीट. तरी म्हातारी दाराशी उभी राहून म्हणाली, “आणि दुसरा कुठां हाय?” हौसा इतकी हसली की मला तिला दटावावं लागलं. ती दोन्ही टोपडी एकावर एक घालून त्याला घरी घेऊन गेली.

मला हे सांगायला नको होतं कदाचित. पण कचेरीतून आल्यापासून मी ही नळी बऱ्याचदा हातात धरून बसते. माझ्यात बाई एक की दोन, ते मोजायला ती कोणी लावली नाही.

लग्नानंतरची ती पूजा तुम्हाला आठवते का? माझ्या कंपाउंडर वडिलांनी ताटात तांदूळ पसरले होते आणि तुम्ही अंगठीने त्यावर माझं नवं नाव काढलंत. ‘द्र’ काढताना अंगठी अडकली, तांदूळ ताटाबाहेर सांडले, आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, “मथुरा सोपं होतं.” बायका बघत होत्या म्हणून मी हसले नाही. पण ते मला आवडलं होतं. तुम्ही रजा संपवून परत गेलात, तोपर्यंत ते सांगायचं राहून गेलं. मी थंड आहे असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मला वाटतं मी थंड नाही, मला उशीर होतो.

वडिलांपुढे तुम्ही जे बोललात तेही मला आठवतं. मुलगी नर्स आहे याने तुम्ही बिचकाल अशी त्यांना धास्ती होती. तुम्ही म्हणालात, उलट बरंच आहे. तिकडे आपल्या बायका अडल्या की परक्या डॉक्टरपुढे तोंड उघडत नाहीत, दोघी तर तशाच गेल्या. अशी बायको मला शोधूनही सापडली नसती. ते बोलताना तुमचा आवाज चढला होता. तो माणूस अर्ज लिहायला बसतो आणि ‘शिक्षण नाही’ लिहितो. हे दोन तुकडे मी एकत्र बसवू शकत नाही. लिहून देणाऱ्या दलालाने सांगितलं असेल, की शिकलेली बाई नोकरीला येते असा संशय घेतात. किंवा तिकडच्या चार लोकांत नर्स बायको सांगायला जड गेलं असेल. किंवा तुम्ही काहीच लिहिलं नसेल, छापील कागदावर जे सगळ्यांच्या बायकांचं लिहितात ते त्याने लिहिलं आणि तुम्ही न वाचता खाली सही केलीत. मी कधी एक मानते, कधी दुसरं. सकाळी तुमचा राग येतो, ड्यूटीवरून परतताना तुमची काळजी वाटते. कोणतं खरं, ते तुम्ही एका ओळीत सांगू शकला असतात. तुमच्या पत्रात ती ओळ नाही. त्यात एवढंच आहे, की मथुरा नावाच्या बाईशी आमचा संबंध नाही असं लिहून द्यावं, सुभद्रा म्हणून अंगठा उमटवावा, म्हणजे पुढच्या बोटीने येता येईल.

मी शेट्यांकडे जाऊन आले. ते म्हणाले, असं लिहून देता येईल. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “पण वहिनी, एकदा संबंध नाही म्हटलं की नाही. तुमच्या नर्सिंगच्या सर्टिफिकेटावर मथुरा आहे. ते तिकडे कोणाचं म्हणून दाखवाल?” मला हे आधी सुचलं नव्हतं याचं आश्चर्य वाटलं. तिकडे एखादी अडलेली बाई शेजारच्या खोलीत ओरडत असेल, आणि मला काही येत नाही असं मीच शपथेवर सांगितलेलं असेल. मी काय करीन? उठून जाईन, हे मला ठाऊक आहे. मग खोटं सापडेल, आणि हक्क जाईल तो तुमचाच. दवाखान्यातल्या मुख्य बाईंनी मला कायमची जागा घेशील का म्हणून विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही. मला यायचं आहे. हे वाक्य मी प्रथमच लिहिते आहे, आणि लिहून झाल्यावर ते खरं दिसतं आहे.

म्हणून हे पत्र. शेट्यांनी माझ्यासाठी दुसरा एक मजकूर तयार केला आहे: मथुरा आणि सुभद्रा ही एकच बाई, लग्नात आमच्याकडे नाव बदलतात, ती लिहिते-वाचते आणि बाळंतपणं करते. आईंची जबानीही ते नव्याने घेतील. पण तो कागद तिकडे गेला की तुमचं लिहिणं चुकीचं ठरेल. तुमच्या पाठीमागे मी तो पाठवणार नाही. त्याआधी तुम्ही स्वतः त्या साहेबापुढे जाऊन म्हणायला हवं, की अर्जात चूक झाली, माझी बायको शिकलेली आहे. आपण होऊन दुरुस्ती केली तर बहुधा सोडतात, असं शेट्ये म्हणतात. बहुधा, एवढंच. धोका तुमचा आहे, म्हणून ठरवायचं तुम्ही. लांब पत्र नको, ते यायला फार वेळ लागतो. साहेबापुढे ते बोलून झाल्यावर तार करा, एकाच शब्दाची. त्यात माझं नाव घाला. जे सोपं होतं ते. ते आलं की मी कागद पाठवीन आणि ट्रंक भरीन. तारेत सुभद्रा आली, तर अंगठा द्यायला कचेरीत कोणाला पाठवावं ते मला कळणार नाही. लिहिता न येणारी तशी बाई माझ्या ओळखीत नाही. मी तुमचं नाव घेतलं आहे, चारचौघांत, शपथेवर. आता तुम्ही माझं घ्या.

तुमचीच,
मथुरा