जयमालाच्या झोपेची सोय

३ एप्रिल, गुरुवार
मोताळ्याहून जावयाचा फोन. जयमाला अठराला पहिल्या बाळंतपणाला येतेय. तिकडे तिला झोप लागत नाही म्हणे. लागेल कशी? निर्णय: आपली बेडरूम अशी करायची की पोरगी पडल्या पडल्या झोपली पाहिजे. कोकिळा म्हणे, आधी तो कापूस काढा. माझ्या बायकोला प्रत्येक गोष्टीत कापूस दिसतो. एका कोपऱ्यात तर आहे! (छताला टेकलाय, पण कोपऱ्यातच.) भाव वाढल्याशिवाय तो हलणार नाही.

४ एप्रिल
ट्रायल म्हणून खोलीत मीच झोपलो. अंगभर खाज. डास. डोणगावहून मच्छरदाणी आणली.

६ एप्रिल
मच्छरदाणीतही खाज. म्हणजे डास नव्हेत, धुण्याची पावडर. कोकिळेला स्वस्तातली आणायची सवय. स्पष्ट बोललो. तिने पुडा माझ्यापुढे आपटला. म्हणे, तुमचे कपडे तुम्हीच धुवा. धुतले. खाज आहेच.

९ एप्रिल
मेहकरहून कूलर आणला. चालू केला तर तंतू खोलीभर. नाकात, चहात. कूलरवाल्याला फोनवर झापलं. तो म्हणे, काका, घरात कापूस आहे काय? अख्ख्या जिल्ह्याला माझ्याच कापसाची पडलीय.

१२ एप्रिल
कोकिळेने खाट अंगणात नेली. म्हणे, कापसातले किडे चावून राह्यले. तीस वर्षं कापूस पिकवतोय, आणि ही मला किडे शिकवते. पाठ खाजवायला फुटपट्टी घेतली. लाकडी. प्लॅस्टिकची वाकते.

१६ एप्रिल
कोकिळा फायनल बोलली. कापूस जात नसन तं पोरगी इकडे येत नाही. डोकं फिरलं. गोविंदा व्यापाऱ्याला बोलावून कापूस देऊन टाकला. खोली मोकळी. चार गाठोडी तेवढी दिवाणाच्या पेटीत ठेवली, भाव चढला की या लोकांच्या तोंडावर मारायला. पेटीला झाकण आहे. झाकलेलं खोलीत धरत नाहीत.

१८ एप्रिल
जयमाला आली. नवी गादी, पडदे, कूलर. म्हणाली, बाबा, किती मस्त केलं हो. दिवाणावर आडवी झाली, दहा मिनिटांत गाढ. मी ओसरीत बसून कुत्री हाकलली. कोकिळेला म्हटलं, बघ.

२० एप्रिल, दुपार
पोरीच्या हातापायांवर लाल चट्टे. रात्रभर खाजवून रडवेली झालेली. डॉक्टरकडे नेलं. त्यांचाही पहिला प्रश्न, घरात कापूस आहे काय. एवढं शिकून प्रश्न कूलरवाल्याचेच! मी म्हटलं, नाही, चार दिवसांपूर्वीच विकला. जयमाला म्हणाली, हो डॉक्टर, बाबांनी माझ्यासाठीच विकला.

घरी येताना रिक्षावाल्याशी भांडलो. चूक त्याची नव्हती.

२१ एप्रिल
कोकिळेने चादरी काढायला म्हणून दिवाण उघडला. चारही गाठोडी एकेक करून बाहेर ठेवली. जयमाला मागेच उभी होती. दुपारी जावई आले, दोघींना घेऊन गेले. बाळंतपण आता मोताळ्यालाच. मला कोणी विचारलं नाही. घर माझं, दिवाण माझा, कापूस माझा.

२४ एप्रिल
चार गाठोडीही विकली. गोविंदाने भाव पाडून दिला. लुटारू. खोली तीनदा धुतली, फिनाइल टाकून. कोकिळेला फोन केला, आता या. ती म्हणे, राहू द्या आता.

२७ एप्रिल
जयमालाचा फोन आला. मी तयारीत होतो. डॉक्टर, गोविंदा, तिची आई, सगळ्यांबद्दल एकदाच ऐकवणार होतो. तिने विचारलं, बाबा, तुमची खाज कमी झाली काय. डॉक्टरांच्या मलमाने माझे चट्टे गेले, तुम्हीही तेच लावत जा. आवाज नेहमीसारखाच. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

लावतो म्हणालो.