रोमला नेलेली ओटी

माय, रोमच्या देवीची ओटी मी भरलीच नाही. पत्रात लिहिलं होतं ते सगळं खोटं होतं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दुपारी माझी बायको सुनेला पुन्हा सांगत होती, की सासूबाईंनी नातवाला एकदासुद्धा मांडीवर घेतलं नाही, त्यांना आमचं पोर कधी आवडलंच नाही. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. नेहमीसारखं पान उलटून वाचत राहिलो. त्याची लाज वाटली म्हणून लिहायला बसलोय.

सरकारी वजिफा मिळाला आणि मी विलायतेला शिकायला निघालो, तेव्हा तू पेडगावच्या स्टेशनावर आली होतीस. ताईची दोन लेकरं पाठोपाठ गेली होती, दोन्ही जन्मल्यावर आठवड्याच्या आतच. तू विधवा, म्हणून खण, खोबऱ्याची वाटी, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं सगळं शेजारच्या काकूंनी खणातच बांधून माझ्याकडं दिलं होतं. तू त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतंस. ‘‘इथल्या समद्या देव्या झाल्या रे,’’ तू म्हणालीस. ‘‘तिकडं एखादी जुनी देवी असंल, तिच्याबी कानावर घाल. तिला आपलं घर म्हाईत न्हाई, नवं म्हणून ऐकंल. पण तू भरू नको, बाप्या माणसाचं काम न्हाई ते. लेकुरवाळी बघ अन् तिच्या हातानं भर.’’ गाडी आली, मी डब्यात चढलो, आणि गाठोडं सुटलं. ‘‘अगं माय, तांदूळ सांडायलेत!’’ म्हणत तूच खिडकीतून हात घालून गाठ मारलीस, गच्च. काकू तर घरीच राहिल्या होत्या. गाडी हलली तेव्हा तू माझ्याकडं नाही, स्वतःच्या हातांकडं बघत होतीस.

पुढच्या वसंतात तुझं पत्र आलं. ताईला पुन्हा दिवस गेले होते, ओटीचं लवकर बघ म्हणून तू मास्तरांकडून लिहवून घेतलं होतंस. त्याच सुटीत कॉलेजातल्या आम्हा सात-आठ जणांना घेऊन आमचे प्रोफेसर रोमला गेले. दिवसभर आम्ही जुने अवशेष बघत हिंडलो. मोडके खांब, गुडघाभर गवत, उन्हाला पडलेली मांजरं. आपल्याकडं अशा दगडांना कुणीतरी शेंदूर फासला असता. तिथं तिकीट होतं. एका गोल देवळाच्या उरलेल्या तीन खांबांपुढं प्रोफेसरांनी सांगितलं, की ही चुलीतल्या विस्तवाची देवी, हिचा विस्तव कधी विझू द्यायचे नाहीत. तुला ही देवी लगेच पटली असती. आणि फाटकाशी संत्री विकणारी एक बाई बसली होती, एक पोर कडेवर, दोन झग्याला धरून. तू सांगितलीस तशीच. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. कोटाच्या खिशात हात, हातात गाठोडं. तिची भाषा येत नव्हती, पण खुणेनं भागलं असतं. तेवढ्यात मागून आमच्यातल्याच एकानं विचारलं, काय लपवलंयस रे खिशात? ‘‘खायचं आहे,’’ मी म्हणालो. तिच्याकडून दोन संत्री घेतली आणि कॉलेजच्या पोरांत जाऊन मिसळलो.

दोन दिवसांनी तुला पत्र लिहिलं. संत्रीवाली, तिची तीन लेकरं, तिनं दोन्ही हातांनी ओटी कशी भरली, डोळे मिटून पुटपुटली काय, लिहिता लिहिता माझंच मन भरून आलं. तू उलट टपाली त्या बाईची खुशाली विचारलीस.

ताई सासरहून, झरीहून, बाळंतपणाला तुझ्याकडं आली आणि परत गेलीच नाही. लेकरूही गेलं. मी शिक्षण संपवून वर्षभरानं आलो. तू चुलीपुढं बसली आहेस, माझ्या ताटात भाकरी घालते आहेस आणि मान वर न करता विचारते आहेस, ‘‘त्या बाईनं नीट भरली व्हती ना रे?’’ मी म्हणतो, हो. ‘‘मग तिचा काई दोष न्हाई. गाठ मी बांधली व्हती. माझा हात लागला खणाला.’’ तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी काय केलं? विलायतेत शिकून आलेला मी तुला समजावत बसलो, की हाताचा आणि मरणाचा काही संबंध नसतो. मोठा शहाणा! ओटी दिलीच नाही, एवढं म्हटलं असतं तर तुझे हात सुटले असते. पण मग ताई माझ्यामुळं गेली असं तू म्हणाली असतीस, आणि ते ऐकायची माझी छाती नव्हती. म्हणून मी ते तुझ्या माथी राहू दिलं.

मला मुलगा झाला तेव्हा तू उंबऱ्याशीच थांबलीस, हात पदरात गुंडाळून. ‘‘लय गोड हाय रे. पण माझा हात नको त्याला,’’ असं मला एकट्याला म्हणालीस. बायकोला फक्त गुंडाळलेले हात दिसले. निजामाचं राज्य जायच्या आदल्या साली तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा चार वर्षांचं ते पोर आपणहून तुझ्या हातावर हात ठेवायला गेलं. तू अंगात त्राण नसताना दोन्ही हात गोधडीत ओढून घेतलेस. मी तिथंच उभा होतो. तुझ्या अस्थी घेऊन गंगाखेडला गेलो, तिथं गंगेत उतरल्यावरही माझं तोंड उघडलं नाही.

हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. खरं म्हणजे ते उचलून शेजारच्या खोलीत बायकोच्या हातात द्यायला हवं. तिकडं चहाच्या कपबशा वाजतायत आणि मी कागदाची घडी घालतोय, कपाटात ठेवायला.

एक सांगायचं राहिलं. खायचं आहे म्हणालो होतो ना, तर त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत पोरांनी ते मागितलं. तू मारलेली गाठ बोटांना सुटेना. मी ती दातांनी सोडली आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. माय, मीही खाल्लं. गोड होतं.