आत्याचा आवाज मेमरीत आहे

२ जून
आत्याच्या घशाचं ऑपरेशन वीस तारखेला. स्वरयंत्रच काढणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. आत्या म्हणाली, बरं झालं, फोनवर सगळ्यांच्या तब्येती विचारायचं वाचलं. माझी लेक, छोटी, मात्र रडली. तिला आत्याआजीच्या गोष्टीशिवाय झोप येत नाही. मी तिथेच जाहीर केलं की आत्याच्या सगळ्या गोष्टी मी रेकॉर्ड करणार, स्वतःच्या प्रोग्रॅमने. बायको म्हणाली, मोबाइल आहे की, आत्ताच करू. मोबाइलवर काय, कोणीही करेल.

५ जून
आराखडा तयार. माइकमधून आलेले आवाजाचे बाइट थेट मेमरीतल्या आउटपुट स्ट्रीममध्ये साठत जाणार. डिस्कला स्पर्शही नाही. डिस्क म्हणजे माळा, मेमरी म्हणजे ओटा. काम ओट्यावरच होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिला सांगितलं. तिने विचारलं, मग फाइल कधी लिहिणार? काहींना सौंदर्यदृष्टीच नसते.

१० जून
प्रोग्रॅमच्या खिडकीचा रंग ठरला. बाइट मोजणारा आकडा हिरवा. ‘सेव्ह’चं बटणही बसवलं, त्याच्या मागचा कोड राहिलाय. दोन ओळींचं काम आहे, कधीही होईल. आत्याने दोनदा विचारलं, कधी बसायचं? म्हटलं, घाई नको.

१३ जून, दुपार
रेकॉर्डिंग झालं! आत्या खुर्चीत, छोटी पायाशी. कोल्हा नाकातून बोलला, बगळा तोऱ्यात. अस्वलासाठी आत्याने इतका खालचा आवाज लावला की ठसका लागला. पाणी पिऊन पुन्हा अस्वलच काढलं, बिचारीने. छोटीला हसायची मनाई केली होती, तरी हसली. आकडा काही कोटींवर गेला. शेवटी आत्याने विचारलं, मावलं का रे सगळं? म्हटलं, सगळं. ‘सेव्ह’ दाबलं. काही झालं नाही. मागचा कोड राहिला होता.

१३ जून, संध्याकाळ
घाबरण्यासारखं काही नाही. प्रोग्रॅम चालू आहे तोवर बाइट मेमरीत सुखरूप आहेत. फक्त ‘सेव्ह’चा कोड घालायचा तर प्रोग्रॅम बंद करावा लागेल, आणि बंद केला की मेमरी रिकामी. मजेशीर प्रश्न आहे. सुटेपर्यंत लॅपटॉप चार्जरसकट जेवणाच्या टेबलावर. वर चिठ्ठी: हात लावू नये.

१५ जून
आम्ही जमिनीवर बसून जेवतो. मिक्सरला बंदी, फ्यूज उडायला नको. बायको म्हणाली, आत्याला अजून बोलता येतंय, परत सांगायला लावू. मला लागलं ते. एक तर तिच्या घशाला ताण. शिवाय परत करायचं म्हणजे पहिलं नाही असं कबूल करणं. पहिलं आहे. आकडा दिसतोय की.

१७ जून
शेजारी बसणारी म्हणाली, चालू प्रोग्रॅमच्या मेमरीतून बाइट बाहेर काढता येतात, घरी येऊन काढून देते. मी म्हटलं, घरचं काम आहे, बघतो माझं मी. मग त्यावर बरंच वाचलं. तत्त्व समजलं. लॅपटॉप सारखा अपडेट मागतोय. ‘नंतर’ दाबलं.

१९ जून
आत्याला अॅडमिट केलं. बायको खाली काउंटरवर कागदपत्रांत अडकली होती. छोटीने हट्ट धरला म्हणून आत्याने कॉटवरच कोल्ह्याची गोष्ट सांगितली, अख्खी. शेजारच्या पेशंटनेही ऐकली. मोबाइल माझ्या खिशातच होता. पण आपल्याकडे आहे ना, दोन-दोन प्रती कशाला? लॅपटॉपने निघताना पुन्हा अपडेट विचारलं होतं. पुन्हा ‘नंतर’.

२० जून
ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर खूश. दिवसभर तिथेच होतो.

२१ जून, सकाळ
घरी आलो. लॅपटॉप आपणच बंद होऊन पुन्हा सुरू झालाय, वर लिहिलंय: अपडेट यशस्वी, स्वागत आहे. आमचं ‘नंतर’ त्याने किती दिवस ऐकायचं, हेही खरंच. प्रोग्रॅम उघडला. आकडा शून्य. हिरवा.

२१ जून, दुपार
बायकोला सांगितलं. तिने टेबलावरची चिठ्ठी काढली आणि जेवायला वाढलं.

२ जुलै
आत्या घरी आली. बोलायचं झालं की पाटीवर लिहिते. आल्या आल्या छोटीला मांडीवर घेतलं आणि माझ्यापुढे पाटी धरली: लाव.

मी समजावून सांगायला लागलो. मेमरी म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, स्ट्रीम कसा भरतो. एरवी मी असं सुरू केलं की दुसऱ्या वाक्याला आत्या तोडते, अरे मुद्द्याचं बोल म्हणते. आज तिने खडू खाली ठेवला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलतच राहिलो. कधी तोडेल, वाट बघत होतो.