पाय जातो ते चार दिवस

१२ जुलै १९९९
चार महिने लिहिलं नाही — माफ कर. पायाबद्दल लिहावं लागलं असतं, म्हणून टाळलं.
आज शाळेतून येताना डावी चप्पल चिखलात राहिली आणि मी तशीच पुढे! कळलंच नाही. मागून शेजारची गीताबाई ओरडली, "बाई, एकच चप्पल घालून निघालात की!" मीही हसले. घरी येऊन पायाला चिमटे काढले. काही नाही.
दर महिन्याला अमावस्येच्या आसपासच पाय असा जातो, म्हणून सासूबाईंचं ठरलेलं — अमावस्येची बाधा. "भगताला दाखव गो. डाक्तरला काय कलतंय!"

२९ जुलै
ठाण्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी यांना बाहेर बसवलं, मग विचारलं, "पाय बधिर होतो तेव्हा पाळी असते का?" असते. दर वेळी! याआधी हे कुणी विचारलं नाही, आणि पुरुष डॉक्टरांपुढे मी बोलले नाही. एवढी बी.ए. झालेली मी!

५ ऑगस्ट
मणक्याचे फोटो आले. गर्भाशयाच्या आतलं अस्तर थोडं मणक्यात वाढलंय. पाळीत तेही रक्त सोडतं, सुजतं, नस दाबतं. पाळी बंद करायची इंजेक्शनं घ्यायची. आता पाळी आली की दुसऱ्या दिवशी पहिलं. नाहीतर पाय कायमचा जाऊ शकतो.
"मूल हवंय अजून?" त्यांनी विचारलं. "छे, बेचाळीस संपली!"
खोटं बोलले. का? दोन दिवस उशीर झाला तरी मी मनात नाव शोधत असते. वर्गातलं एखादं पोर चुकून 'बाई'ऐवजी 'आई' म्हणतं — ते मला दिवसभर पुरतं.
एसटीत हे हळूच म्हणाले, "पोर नाय झाला तं नाय. मला तू चालती पायजेस गो." पाय हवा. तेही हवं.

१० ऑगस्ट
आली नाही.

१३ ऑगस्ट
अमावस्या होऊन गेली. पाय शाबूत! सासूबाई खूश. "भगताचा अंगारा! तुज्या उशीखाली मीच ठेवलेला." यांनी दोनदा विचारलं, इंजेक्शनचं काय? म्हटलं, अजून वेळ आहे.

२४ ऑगस्ट
आजही नाही. वयच झालं असेल. बहुधा तेच. तेच असेल असं स्वतःला बजावते आणि मान्य करत नाही.
उद्या — सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन शहापूरला तपासायला द्यायची.