एकही भोक न पाडता

केटल क्रीक, पेनसिल्व्हेनिया
६ ऑक्टोबर २००९

प्रिय लायल,

तू बरा असशील असं धरून चालते. तुझा ओरेगनचा पत्ता मिलड्रेड आत्याकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसले आणि तिचा सफरचंदाचा केक संपत आला तेव्हा कुठे तिनं वही उघडली.

इथलं सगळं ठीक आहे. मेपलची पानं यंदा लवकर गळली. दुकान चालू आहे, पाटीवर अजून ‘एमेट राइट्झ, बंदूक दुरुस्ती’ असंच आहे, काम मात्र मीच करते. बाबा ऐंशीचे झाले. अजूनही सकाळी येऊन शेजारच्या बाकावर बसतात आणि मी कानस कशी चुकीची धरते ते मला सांगतात. कानस त्यांना दिसत नाही, आवाजावरून सांगतात. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असतं.

हो, डोळे. तेच लिहायचं होतं. बघतात तिथे मधोमध एक राखाडी डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजवा थोडा शिल्लक आहे. पिस्तुलाचा नेम धरायला मागची खाच, पुढचं टोक आणि हरीण अशा तीन गोष्टी एका ओळीत दिसाव्या लागतात. त्यांना एकही धड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून बहुधा जमेल, कारण तिच्यात एकच गोष्ट बघायची असते.

आईनं त्यांना लग्नात दिलेलं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर तुला आठवत असेल. त्यावर दुर्बीण बसवून हवी आहे, हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवसासाठी. ‘हा शेवटचाच,’ म्हणतात. मी लगेच हो म्हटलं, तर म्हणाले, ‘आधी लायलला विचार. ते त्याचं आहे.’ आई गेल्यापासून ते तुझंच आहे असं ते धरून चालतात, मला हे आत्ता कळलं.

म्हणून विचारते आहे. तू हो म्हणालास तर करते. नाही म्हणालास तर तसं त्यांना सांगीन.

तुझी,
आर्लीन

*

१२ नोव्हेंबर २००९

प्रिय लायल,

तुझं कार्ड मिळालं. अठ्ठावीस वर्षांत पहिलं टपाल, आणि त्यात एकच ओळ: ‘बसव, पण एकही भोक पाडू नकोस.’ खाली सहीसुद्धा नाही. तुझं अक्षर अजून तसंच डावीकडे कलतं.

मी ते बाबांना तीन वेळा वाचून दाखवलं. मग त्यांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. ते अजून तिथेच आहे. शर्ट बदलला की कार्डही बदललेल्या शर्टात जातं. मला म्हणाले, ‘बघ, शिकला शेवटी.’ मी कानस उचलली.

काम कसं केलं ते सांगते, तुला आवडेल. चौकटीच्या वरच्या पट्ट्यात नेम धरायची मागची पट्टी असते ना, ती एका बारीक स्क्रूवर बसलेली असते. ती काढली आणि तिच्याच भोकात, तिच्याच स्क्रूच्या जाडीचा माझा स्क्रू लावून दुर्बिणीसाठी ॲल्युमिनियमची बैठक बसवली. पण चव्वेचाळीसचा धक्का एकटा स्क्रू किती वेळ सोसणार? पहिली बैठक सहाव्या गोळीला हलली. मग बैठकीच्या पोटाला एक दांडा ठेवला, पट्टी काढल्यावर जी खाच मोकळी होते तिच्यात तो घट्ट बसतो आणि धक्का स्क्रूऐवजी त्या खाचेवर येतो. पुढून नळीला एक पट्टा आवळला, आत हातमोज्याच्या चामड्याची चकती, निळी झिलई घासू नये म्हणून. तो दांडा मी तीनदा केला. दोनदा बाबांनी बोट फिरवून ‘सैल’ म्हटलं. तिसऱ्यांदा नुसता हुंकार दिला. म्हणजे पास.

मूळची पट्टी आणि स्क्रू पाकिटात घालून त्यावर तुझं नाव घातलं आहे. सगळं सोडवलं की कुठे काय होतं हे भिंगातूनही कळणार नाही.

गेल्या गुरुवारी खाणीतल्या मातीच्या उतारावर गेलो. पंचवीस यार्डांवर कागदाची थाळी लावली होती. बाबांच्या सहा गोळ्यांतल्या पाच थाळीत. सहावी कुठे गेली ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. घरी येताना गाडीत त्यांनी शीळ घातली. मी ती शेवटची आई असताना ऐकली होती.

तीस तारखेला, सोमवारी, हंगाम उघडतो. शाळा बंद, गिरणी बंद, नेहमीसारखंच सगळं. वरच्या कड्यावरचं मचाण मी नीट करून घेतलं आहे. तिथे तिघं बसतील एवढी जागा आहे. हे मी माझ्या मनानं लिहीत नाही, बाबांनी मला तिसरी फळी ठोकायला लावली. कुणासाठी ते बोलले नाहीत. तुझी खोली झाडून ठेवली आहे. ये.

तुझी,
आर्लीन

*

१४ डिसेंबर २००९

लायल,

आत्यानं तुला फोनवर कळवलंच आहे की बाबा गेल्या मंगळवारी गेले. दफन शनिवारी झालं. आईच्या शेजारी. जमीन गोठली होती म्हणून खणायला यंत्र आणावं लागलं. चर्चच्या बायकांनी हॅम आणि बटाटे केले होते, लोक बरेच आले, सगळ्यांनी तुझी चौकशी केली.

आता जे लिहायचं ते लिहिते. चार कागद फाडून झाले आहेत.

तीस तारखेला पहाटेच उठून बाबा कोट घालून स्वयंपाकघरात बसले. शिकारीची नारिंगी टोपी, सगळं. मी बकव्हीटच्या पिठाचे घावन केले, त्यांनी ते थंड होऊ दिले. उजाडलं. वरून पहिल्या बंदुकांचे आवाज आले. मी म्हटलं, चला, उशीर होतोय. ते म्हणाले, थांबू अजून थोडं. दहा वाजता त्यांनी टोपी काढली.

तू आला नाहीस याचा दोष मी तुला देत नाही. तू का यावंस?

मग ते म्हणाले, ‘मी त्या वेळी फार बोललो. पण माझ्या बापाच्या पिस्तुलाला वाकडं भोक पाडायचं आणि वर कबूलही करायचं नाही. तेवढं त्यानं कबूल केलं असतं तरी मी विसरलो असतो.’

लायल, मी तिथेच त्यांना सांगितलं. घावनाच्या ताटासमोर, उभ्या उभ्या. आजोबांच्या पिस्तुलाला दुर्बीण बसवायचा हट्ट तुझा होता, त्यावरून तुमचं भांडण झालं होतं, हे खरं. पण भोक मी पाडलं. सतरा वर्षांची होते. तुम्ही दोघं भांडता ते मला सहन होत नव्हतं, वाटलं, करून दाखवावं, छान झालं की दोघंही गप्प होतील. ड्रिल घसरलं आणि चौकटीचा पट्टा चिरला. संध्याकाळी त्यांनी तुझी गचांडी धरली तेव्हा मी दारात होते. माझ्या स्वेटरच्या बाहीवर लोखंडाचा कीस होता. तू तो बघितलास. मग तू त्यांच्याकडे वळून म्हणालास, ‘हो, मीच केलं,’ आणि आठवड्याच्या आत घर सोडून गेलास.

म्हणजे त्यांना हवं होतं ते तू कबूलही केलं होतंस. त्यांनाच ते आठवत नव्हतं. इतकी वर्षं ते तुझ्यावर कबूल न केल्याबद्दल चिडून होते आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नव्हते.

तुझ्या कार्डावरची ती ओळ माझ्यासाठी होती. मला वाचताक्षणीच कळली होती.

बाबांनी ऐकून घेतलं. आरडाओरडा होईल असं मला वाटत होतं, झाला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, ‘अठ्ठावीस वर्षं तू माझ्या शेजारच्या बाकावर काम केलंस.’

मग म्हणाले, ‘कागद दे.’ मी लिहून देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. अर्धा दिवस लिहीत होते. ओळी एकमेकींवर चढत होत्या. पाकीट स्वतः चिकटवलं, पत्ता मला घालायला लावला, आणि टाकून ये म्हणाले. नंतर म्हणाले, ‘ती दुर्बीण काढ. रिव्हॉल्व्हर होतं तसं कर.’ मी दोन स्क्रू काढले, तुझ्या नावाच्या पाकिटातली मूळची पट्टी परत बसवली. त्यांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला, पुढून मागे, मागून पुढे. कुठेही काही लागलं नाही.

दुर्बीण त्यांनी ठेवून घेतली. मला वाटलं, असू दे, आवडली असेल. दुसऱ्या दिवशी बघते तर खिडकीशी बसून ती समोर हात लांब करून धरलेली. पिस्तुलाची दुर्बीण डोळ्याला लावून दिसत नाही, हातभर लांब धरावी लागते. रस्त्याच्या कडेची आपली टपालपेटी बघत होते. टपालवाल्याची जीप थांबते का ते. म्हणाले, पत्र जायला तीन दिवस, यायला तीन, सोमवारपर्यंत काहीतरी येईल. हात थरथरायचा म्हणून कोपर पिठाच्या डब्यावर टेकवायचे. मला बघवेना. मी लाकडाचा छोटा स्टँड करून दिला, उंची त्यांच्या खुर्चीच्या मापानं घेतली. ते म्हणाले, ‘हा घट्ट झालाय.’

पत्र मी टाकलं नव्हतं, लायल.

दुकानात, माझ्या ड्रिलांच्या खणात होतं. ते गेलं की आपल्या तिघांनाही सगळं माहीत होणार होतं, मग तू येणार, आणि तुम्ही दोघं त्या खिडकीशी बसणार, आणि मी कोण? मला वाटलं, चार दिवस. आधी माझं पत्र लिहून होऊ दे, मग दोन्ही एकदम टाकते. रोज जीप जायची, रोज ते म्हणायचे, ‘आज नाही.’ मी स्टँडचा स्क्रू आवळून द्यायचे.

मंगळवारी जीप थांबली. मी दुकानातून बघितलं. बियाण्यांचा कॅटलॉग होता. तो घेऊन आत गेले तर ते खुर्चीत होते, हनुवटी खाली, कॉफी भरलेली. जीप थांबलेली त्यांनी पाहिली का, हे मला कधीच कळणार नाही. पाहिली असेल तर ते तू लिहिलंस असं समजून गेले. मी रोज अशीच आशा करते, आणि आशा करायला मला लाज वाटते.

त्यांचं पत्र सोबत आहे. उघडलेलं नाही. अक्षर लागणार नाही, खिडकीशी उजेडात धरून बघ. खिशातलं तुझं कार्ड मी त्यांच्याबरोबर जाऊ दिलं.

रिव्हॉल्व्हर कायद्याप्रमाणे तुमच्या गावातल्या परवाना असलेल्या बंदुकांच्या दुकानात येईल, तिथून ताब्यात घे. बैठक आणि दुर्बीण वेगळ्या खोक्यात आहेत, नको असतील तर टाकून दे. रिव्हॉल्व्हर भिंगाखाली बघ, हवं तर दुसऱ्या कुणाला दाखव. एकही भोक नाही. तू सांगितलेली तेवढी एक गोष्ट मला नीट करता आली.

पाटी मी उतरवलेली नाही. मचाणावरची तिसरी फळीही तशीच आहे. ये असं लिहायचा हक्क मला राहिलेला नाही, म्हणून लिहीत नाही. टपालपेटी मात्र मला इथून नुसत्या डोळ्यांनी दिसते.

जिच्या बाहीवरचा कीस तू बघितलास, ती
आर्लीन