फॉर्मवरची आई

इंदिरानगर, नाशिक

चि. सुवर्णास ताईचा आशीर्वाद,

आज ऋतुजाच्या दप्तरात गंगापूर रोडच्या मानसोपचार डॉक्टरांची फाइल सापडली. चार महिने क्लासच्या नावाखाली तू तिला तिथे नेत होतीस. फॉर्मवर आईच्या नावापुढे सही तुझी! माय मरो पण मावशी जगो म्हणतात. तू तर मला जिवंतपणीच मारलंस गं.

मी तिच्यावर ओरडले, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "दिवाळीत सांगितलं होतं, आई. छातीत धडधडतं, जगावंसं वाटत नाही म्हणून. तू म्हणालीस, शनिवार धर, मारुतीला तेल घाल. मावशीने विचारलं, कधीपासून होतंय?"

शनिवार मीही धरले, अकरा. पण तिचं ऐकून घेतलं नाही, हे देवापुढेही कबूल करवत नाही.

आता ती झोपते, दोन घास जेवते. तुझे उपकार मानायला हवेत, पण हात जुळत नाहीत. बुधवारी मीच नेईन तिला. डॉक्टरांना सांगेन, येत होती ती मावशी, आई मी. तू येऊ नकोस.

आत्ताच ऋतुजाने विचारलं, "मावशीपण येईल ना?"

मी हो म्हणाले. म्हणून हे पत्र तुला पाठवत नाही.

अजून तरी तुझीच,
ताई