सासऱ्यांचा दुसरा रुपया

५ ऑक्टो., रविवार
साडू आल्ते राजूरहून, दत्तराव. (पुढं नुसतं द.रा. लिहीन, पूर्ण नाव लिहायची हौस न्हाई.) खिशातून रुपया काढला. निजामाच्या वेळचा, चारमिनारचा. सासऱ्यांनी दिवाळसणाला आम्हा दोन्ही जावयांना एकाच पिशवीतला एकेक दिला होता, त्यातला. त्यांचा अजून तसाच. काळसर निळा, कडेला जांभळी झाक. फक्त चिकटपट्टीनं पुठ्ठ्यावर लावला होता, तिचा डिंक वर बसलाय.
"काय शेठ, रंगाचं एवढं मोठं दुकान तुमचं. हा डिंक कशानं निघंल? थिनर चालंल का? का पोरीचं नेलपॉलिश काढायचं लावू?"
बघून सांगतो म्हटलं. चहा पाजला, हसून बोललो. मनात म्हटलं, आलास.

६ ऑक्टो.
मागची दिवाळी डोक्यातून जात न्हाई. लक्ष्मीपूजन आपल्याच घरी. माझा रुपया चौरंगावर ठेवायला काढला तर द.रा.नी हातातून घेतला. "काळं तोंड घेऊन लक्ष्मी बसवता का शेठ?" चिंच, मीठ, खसाखसा. पांढराफटक. सगळे वा वा म्हणाले. मीपण म्हणालो. मंग पायऱ्यांवर मेहुण्याला हळूच: "सासऱ्यांचा आता एकच धड राहिला. माझा." फटाक्यांत कुणाला ऐकू जाणार न्हाई असं वाटलं असंल. हमाली करायचो तेव्हापासून ह्या कानांवर धंदा केलाय मी. हलवल्याबरोबर डबा किती भरलाय ते सांगतो.
पुढं संभाजीनगरला नाण्यांच्या प्रदर्शनात भिंगवाल्यानं रुपया नुसता फिरवला, परत दिला. "धुतलाय. वरचा जुना रंग गेला, किंमत गेली." द.रा. शेजारीच. ओठ दाबून.

९ ऑक्टो.
प्रयोग केला. चालू नाण्यांना चिकटपट्टी लावून उन्हात ठेवली होती, आज एकेक वाटीत.
रॉकेल – डिंक सुटला, तेलकट थर राहिला. थिनर – कशाकशाचं मिसळण, मागं काय राहील भरवसा न्हाई. बायकोचं, सुमनचं, नेलपॉलिश काढायचं – गुलाबाचा वास, वाळल्यावर चिकट डाग. त्यात तेल न् रंग घालतात. शुद्ध अ‍ॅसिटोन – डिंक गेला, नाणं जसंच्या तसं. नुसतं बुडवायचं, दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून काढायचं, आपोआप वाळू द्यायचं. पुसलं की ओरखडे. काळेपणाला ते हात लावत न्हाई. त्याला खातात चिंच, लिंबू, व्हिनेगर.
म्हणजे खोटं बोलायचीसुद्धा गरज न्हाई. अ‍ॅसिटोन म्हणायचं, अन् "पुसू नका" एवढं गिळायचं.
सुमन: "काय करून राह्यले वाट्यांत? नाक जळतंय." खिडक्या उघडल्या. गॅस पेटवू नको म्हटलं.

१४ ऑक्टो.
माझा मीच घात केला. द.रा. काउंटरपुढं उभे, बाजूला दोन गिऱ्हाइकं. माझं तोंड सुरू झालं. काचेची वाटी घ्या, प्लास्टिक न्हाई. दिव्याजवळ नको. कापूस फिरवायचा न्हाई, बोटसुद्धा लावायचं न्हाई. इतकी वर्षं डबा देताना कसा वापरायचा ते सांगत आलो, जीभ तिकडंच वळली. वर बाटली नीट बांधून दिली.
"तुमच्यासारखा साडू नशिबानं मिळतो शेठ."
जेवण गोड लागलं न्हाई.

१८ ऑक्टो., धनत्रयोदशी
द.रा.चा फोन. "निघाला बघा डिंक, एक डाग न्हाई. सासऱ्यांनी हातावर ठेवला तेव्हाचा वाटतो. बशीतच ठेवलाय, हात लावत न्हाई. पाडव्यानंतर नेतो त्या भिंगवाल्याकडं. तुम्हीपण चला. तुमचापण आणा." शेवटचं हसत.
नंतर माझा काढून बघितला. घासलेल्या चमच्यासारखा दिसतो.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
दुकानातली पूजा संध्याकाळी. दुपारी घरी. सुमन आतल्या खोलीत राजूरला ताईंशी, म्हणजे द.रा.च्या बायकोशी, बोलून राह्यली होती. फोन कानाला, तरी पलीकडचं मला इथं बराबर ऐकू आलं.
"ह्यांना दुकानात उसंत न्हाई, उदबत्त्या-कापराची गर्दी. बाबांचा रुपया बशीत पडलाय, केवढा काळा. मागच्या वर्षी तुझ्याकडं ह्यांनी केल्ता तसा चकचकीत करते. आले की खूश होतील. आत्ताच चिंच घातली भिजत."
"मीठपण घाल गं," सुमन म्हणाली. माझ्या रुपयाचं दुखणं मी तिला कधी बोललोच न्हाई.
द.रा.चा नंबर काढून बसलोय. एक वाक्य बोललं की वाचतो. रुपया त्यांचा. पण तसा सासऱ्यांचाही. अन् धड राहिलेला एकच, हे पायऱ्यांवर बोलले ते खोटं नव्हतं.
सुमन बाहेर आली. "कुणाला लावताय?"
"कुणाला न्हाई."
"मंग झेंडूचे हार तरी आणा."
चप्पल घातली. तसाच बसून हे लिहून राह्यलोय. चिंच भिजायला वेळ लागतो.